काळी, जांभा, मुरूम: पाया, शोषखड्डा आणि बागेविषयी वाचकांचे प्रश्न

मातीविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेक पत्रांत एक वाक्य हमखास होतं: ‘शेजाऱ्यांनी असंच केलं, त्यांना काही त्रास झाला नाही.’ शेजाऱ्यांच्या प्लॉटखाली मुरूम सहा फुटांवर लागला असेल आणि तुमच्याकडे चौदा फुटांवर, तर त्यांचा पाया तुमच्या उपयोगाचा नाही. म्हणून शक्य तिथे आधी स्वतःच्या जागेवर काय तपासायचं ते लिहिलं आहे.

प्रश्न: आमचं एकमजली वीटबांधकामाचं घर काळ्या मातीत आहे. एप्रिल-मेमध्ये खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा पडतात, गणपतीपर्यंत त्या जवळजवळ मिटतात. गवंड्याने दोनदा सिमेंट भरलं, तरी शेजारी नवी भेग आली. (लातूर)

भेग मोसमाप्रमाणे उघडते आणि मिटते, यावरूनच निदान होतं. पाया खचून एका जागी थांबला असता तर भेग एकदाच पडली असती. काळ्या मातीतली स्मेक्टाइट गटातली खनिजं पाणी आपल्या थरांमध्ये ओढून घेतात आणि फुगतात, वाळली की आकसतात. घराच्या मधोमध, फरशीखाली ओल वर्षभर जवळपास सारखी राहते. कडेची माती मात्र उन्हाळ्यात खोलपर्यंत वाळते आणि पावसाळ्यात भरून येते. त्यामुळे घराचे कोपरे दर वर्षी खाली-वर होतात, मधला भाग तिथेच राहतो. एकमजली घर हलकं असल्याने मातीच्या फुगण्याचा जोर त्याच्या वजनाने दाबला जात नाही. कंपाउंडच्या भिंती सर्वांत आधी तडकतात, त्याचंही कारण हेच.

भेग वरच्या बाजूला रुंद आणि खाली बारीक असेल तर कोपरा खाली गेला आहे. खाली रुंद असेल तर कोपरा उचलला गेला आहे किंवा मधला भाग बसला आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करा आणि महिन्यातून एकदा, ठरावीक तारखेला, त्यांच्यातलं अंतर मोजून भिंतीवरच लिहून ठेवा. हे वर्षभर करायला हवं. तीन महिन्यांच्या नोंदीवरून काही ठरवू नका.

गवंड्याचं सिमेंट का टिकलं नाही? मे महिन्यात भेग सर्वांत रुंद असताना तिच्यात कडक सिमेंट भरलं, तर पावसाळ्यात भिंतीला परत जुळायला जागा उरत नाही. मग ती शेजारी नव्या जागी फुटते. भेग बुजवणं हे शेवटचं काम आहे, आधी पाण्याचा बंदोबस्त करायचा. क्रम असा ठेवा:

१. गच्चीचं पाणी पाइपने घरापासून किमान तीन मीटर लांब न्या. पाइपचं तोंड पायाशी सोडलेलं असेल तर तोच कोपरा सर्वांत जास्त हलतो.

२. मोरी, संडास आणि ड्रेनेजचे चेंबर पाणी भरून तपासा. चेंबरचं बाहेर जाणारं तोंड बंद करून तो भरा आणि रात्रभरात पातळी उतरते का पाहा. एका कोपऱ्यात बारमाही गळती आणि बाकी तिन्ही कोपरे कोरडे, ही सर्वांत वाईट स्थिती.

३. घराभोवती दीड ते दोन मीटर रुंदीचा पट्टा (गवंडी याला प्लिंथ प्रोटेक्शन म्हणतात) करा. ३० ते ४५ सेंटिमीटर काळी माती काढा, मुरूम थराथराने ठोकून भरा, त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद आणि वर ७५ ते १०० मिलिमीटर काँक्रीट. उतार बाहेरच्या बाजूला. भिंत आणि पट्टा यांच्यामधली फट सिमेंटने बांधू नका, डांबरी किंवा लवचीक सीलंटने भरा. पट्टा आणि घर वेगवेगळे हलणार आहेत.

४. घराजवळ निलगिरी, पिंपळ, वड किंवा मोठा कडुनिंब असेल तर तो उन्हाळ्यात पायाखालची ओल ओढतो. नवं झाड लावताना ते पूर्ण वाढल्यावर जेवढं उंच होईल तेवढं अंतर सोडा. जुनं मोठं झाड मात्र एकदम तोडू नका. त्याने वाळवलेली माती पुढची काही वर्षं हळूहळू फुगत राहते आणि त्या बाजूची भिंत उचलली जाते. फांद्या छाटून पानांचा विस्तार कमी करा.

इतकं केल्यावर एक पूर्ण वर्ष जाऊ द्या. हालचाल कमी झाली असं नोंदीत दिसलं, तर हिवाळ्यात, भेग मध्यम असताना, तिच्या आरपार सळ्यांचे टाके घालून चुना-सिमेंटच्या मसाल्याने ती भरा. निव्वळ सिमेंटपेक्षा चुना मिसळलेला मसाला थोडी हालचाल सोसतो. वर्षभरानंतरही भेग पूर्वीइतकीच उघडत असेल तर पाया पाहायला स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.

प्रश्न: टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. इथे उन्हाळ्यात लोक घराभोवती ठिबक नळी टाकून पायाच्या मातीला पाणी देतात. लातूरच्या घरी आई-वडिलांना तेच सांगू का?

तुमच्याकडची ब्लॅकलँड प्रेअरीची माती आणि मराठवाड्याची काळी माती एकाच वर्गातल्या आहेत, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पण तिथली बरीच घरं एकसंध काँक्रीट स्लॅबवर उभी असतात आणि पाणी चारही बाजूंना, सावकाश, सारखं दिलं जातं. लातूरला उन्हाळ्यात तेवढं पाणी रोज मिळेलच असं नाही. दोन आठवडे पाणी दिलं आणि मग टँकर बंद झाला, किंवा एकाच बाजूला दिलं, तर हालचाल वाढते. त्यांच्यासाठी वरच्या उत्तरातला काँक्रीटचा पट्टा बरा. तो एकदा केला की पाण्याची रोजची जबाबदारी राहत नाही.

प्रश्न: नवं घर बांधायचं आहे. खड्डा घेतला तर बारा फुटांपर्यंत काळी मातीच आहे. ठेकेदार म्हणतो पाच फूट खोदून वाळू भरू. इंजिनिअर ‘अंडर-रीम्ड पाइल’ म्हणतात, ते महाग वाटतं. (परभणी)

इंजिनिअरांचं ऐका. पाच फुटांवर पाया म्हणजे मोसमी ओल-वाळीच्या पट्ट्यातच पाया. खोल काळ्या मातीत हा पट्टा साधारण दीड ते साडेतीन मीटरपर्यंत जातो. शिवाय चहूबाजूंनी चिकणमाती आणि मध्ये वाळू असा खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरतो, पाणी बाहेर जायला वाटच नसते, आणि तेच पाणी पायाखालच्या मातीला फुगवत राहतं. मुरूम पाच-सात फुटांवर लागत असता तर प्रश्न सोपा होता: काळी माती पार करून पाया मुरमात किमान दीड-दोन फूट रुतवायचा. तुमच्याकडे तसं नाही.

खात्रीसाठी फुगवणचाचणी करून घ्या. ती स्वस्त आहे आणि कोणत्याही माती-काँक्रीट प्रयोगशाळेत होते. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, वाळवलेली माती १०० मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत प्रत्येकी १० ग्रॅम घेतात. एकात रॉकेल, दुसऱ्यात पाणी. २४ तासांनी दोन्हींतल्या मातीची उंची वाचतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे ते मूळ माप. रॉकेलमध्ये १० आणि पाण्यात १८ आली तर फुगवण ८० टक्के. ५० टक्क्यांच्या वर आकडा गेला की साध्या उथळ पायाचा विचार सोडा. नमुना मात्र वरच्या थराचा देऊ नका. पाया जिथे बसणार त्या खोलीवरचा, आणि त्याच्या एक मीटर खालचा, असे दोन द्या.

अंडर-रीम्ड पाइल म्हणजे तळाशी फुगा असलेला काँक्रीटचा खांब. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने ही पद्धत आपल्याकडच्या काळ्या मातीसाठी विकसित केली. खांबाचा व्यास एकमजली घराला सहसा २० ते ३० सेंटिमीटर, फुग्याचा व्यास त्याच्या अडीच पट, खोली किमान साडेतीन मीटर. फुगा मोसमी हालचालीच्या खाली, स्थिर मातीत अडकतो. वरची माती फुगून खांब उचलायला लागली तर फुगा नांगराप्रमाणे धरून ठेवतो. पाइल किती आणि कुठे, हे भार काढून इंजिनिअर ठरवतील. कामावर तुम्ही चार गोष्टी पाहा.

खांबांवरच्या आडव्या तुळईखाली आणि मातीमध्ये किमान ८० मिलिमीटर मोकळी पोकळी हवी. यात सर्वांत जास्त चुका होतात. मिस्त्री तुळई थेट मातीवर ओततो, पहिल्याच पावसाळ्यात माती तुळईला खालून ढकलते आणि पाइलवरचा सगळा खर्च वाया जातो. पोकळीच्या कडेला विटेचा आडोसा करा, म्हणजे बाहेरची माती आत घसरणार नाही.

खड्डा ड्रिल केला त्याच दिवशी काँक्रीट झालं पाहिजे. रात्रभर उघडा राहिला तर कडा ढासळून तळाशी चिखल साचतो आणि खांब चिखलावर उभा राहतो. ओतण्याआधी दोरीला वजन बांधून खोली पुन्हा मोजा. खोदताना मोजली होती त्यापेक्षा कमी भरली तर तळ साफ करायला लावा. खड्ड्यात पाणी असेल तर काँक्रीट वरून टाकू नये, तळापर्यंत पाइप नेऊन खालून वर भरावं.

सळ्या फुग्यासह पूर्ण लांबीभर हव्यात. माती फुगते तेव्हा खांबावर वरच्या दिशेने ताण येतो आणि काँक्रीट एकटं ताण सोसत नाही.

आणि जोत्यात, म्हणजे फरशीखाली, खोदून काढलेली काळी माती परत भरू देऊ नका. ‘माती फुकट आहे, भरून टाकू’ या एका वाक्यापायी कितीतरी घरांच्या फरश्या वर्षभरात उचलल्या जातात. आतली काळी माती शक्य तेवढी, एक मीटरपर्यंत, काढा आणि न फुगणारा पण थोडा चिकट मुरूम २० सेंटिमीटरच्या थरांनी पाणी मारून ठोका. आयआयटी मुंबईत डॉ. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीच्या अशा थरावर मूलभूत काम केलं आहे. सुमारे एक मीटर जाडीचा थर खालच्या काळ्या मातीची उचल बरीच आवरतो, हे त्यातून पुढे आलं. भरावासाठी वाळू वापरू नका.

खर्चाबद्दल: उथळ पाया आणि पंधरा वर्षांतल्या दुरुस्त्या यांची बेरीज पाइलच्या खर्चाशेजारी मांडून पाहा, मगच पाइल महाग आहे का ते ठरवा.

प्रश्न: सेप्टिक टँकनंतरचा शोषखड्डा पावसाळ्यात तुंबतो आणि पाणी अंगणात येतं. दोनदा खोल केला. गावात गटार नाही. (अकोला)

खोल करून उपयोग नाही, कारण अडचण आकाराची नाही. फुगलेल्या काळ्या मातीतून पाणी जवळजवळ जातच नाही. मे महिन्यात खोदलेला खड्डा टँकर ओतला तरी पिऊन टाकतो, कारण पाणी भेगांतून पळतं. जुलैत भेगा मिटतात आणि तोच खड्डा टाकीसारखा भरून राहतो. म्हणून कोरड्या काळ्या मातीत केलेली शोषणचाचणी फसवी असते.

चाचणी अशी करा. ज्या खोलीवर पाणी सोडायचं आहे तिथपर्यंत १० ते ३० सेंटिमीटर रुंदीचा खड्डा घ्या. कुदळीने घासून गुळगुळीत झालेल्या कडा खरवडून काढा, तळात ५ सेंटिमीटर बारीक खडी टाका. खडीच्या वर ३० सेंटिमीटर पाणी भरा आणि रात्रभर राहू द्या. काळ्या मातीत एका रात्रीवर भागवू नका, तीन-चार दिवस खड्डा ओला ठेवा, म्हणजे माती पूर्ण फुगेल. मग पाणी खडीच्या वर १५ सेंटिमीटरवर आणून अर्ध्या तासात किती उतरलं ते मोजा. अर्ध्या तासात १५ मिलिमीटर उतरलं, तर २५ मिलिमीटर उतरायला ५० मिनिटं लागतील. हा ‘५०’ तुमचा आकडा. जागेवर दोन-तीन ठिकाणी चाचणी करा आणि सरासरी घ्या.

भारतीय मानक २४७० प्रमाणे हा आकडा ३० मिनिटांपर्यंत असेल तर शोषखड्डा चालतो. ३० ते ६० असेल तर खड्डा नको, उथळ शोषचर करावे. ६० च्या वर गेला तर जमिनीत मुरवण्याचा नाद सोडून गाळणटाकी वापरायची.

एका चौरस मीटरला दिवसाला किती लिटर पाणी देता येईल, हे काढायचं तर २०४ ला या मिनिटांच्या वर्गमुळाने भागा. आकडा ४९ असेल तर वर्गमूळ ७, म्हणजे सुमारे २९ लिटर. पाच माणसांच्या घरातलं फक्त संडासाचं पाणी दिवसाला २०० लिटर धरलं तर ७ चौरस मीटर क्षेत्र लागतं. ६० सेंटिमीटर रुंद चराचा तळ धरला तर एकूण १२ मीटर लांबी, म्हणजे ६ मीटरचे दोन चर. मोरी-स्वयंपाकघराचंही पाणी त्यातच सोडलं आणि एकूण ५०० लिटर झालं, तर लांबी २९ मीटरवर जाते. तेव्हा आधी पाणी वेगळं करा. मोरीचं पाणी चरात नकोच, त्यातला डिटर्जंटमधला सोडियम काळ्या मातीचे कण विस्कटून उरलीसुरली छिद्रंही बुजवतो. ते कर्दळ, अळू, केळीच्या वाफ्यात वळवा. वाफ्याआधी चरबी अडवायला छोटा चेंबर ठेवा आणि तो आठवड्याला साफ करा.

चर अर्धा ते एक मीटर खोल, तळात १५ ते २५ सेंटिमीटर खडी, त्यावर भोकं पाडलेला ७५ ते १०० मिलिमीटरचा पाइप, पुन्हा खडी, वर जुन्या पोत्याचा किंवा जिओटेक्स्टाइलचा थर आणि मग माती. दोन चरांमध्ये १.८ मीटर अंतर, एकाची लांबी ३० मीटरपेक्षा जास्त नको. चर उथळ ठेवण्याचं कारण असं की वरच्या थरात मुळं असतात, ऊन लागतं, बरंचसं पाणी वर उडून जातं.

तुमच्याकडे आकडा ६० च्या वर येईल असा आमचा अंदाज आहे. तसं झालं तर सेप्टिक टँकला जोडून उलट्या प्रवाहाची गाळणटाकी बांधा: पाणी तळाशी शिरतं, २० मिलिमीटर खडीच्या सुमारे एक मीटर थरातून वर चढतं आणि वरून बाहेर पडतं. खडीचं घनफळ माणशी ०.०४ ते ०.०५ घनमीटर, म्हणजे पाच जणांना पाव घनमीटरच्या आसपास. बाहेर येणारं पाणी पिण्याचं नाही आणि पालेभाजीलाही देऊ नये. कर्दळीच्या वाफ्यात जिरवा.

एक तपासणी राहिली. टँकमधला गाळ वर्षानुवर्षं काढला नसेल तर मैला थेट खड्ड्यात जातो आणि मग कोणतीही माती तुंबते. पाच माणसांच्या टँकचं मानक माप १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद, पाण्याची खोली एक मीटर आहे, आणि तो एक-दोन वर्षांनी उपसायचा असतो. उपसायला माणूस कधीही आत उतरवू नका. टँकमधल्या वायूने काही क्षणांत जीव जातो. सक्शन टँकरच बोलवा.

प्रश्न: आमचं घर जांभ्याच्या कातळावर आहे. शोषखड्डा विहिरीपासून पन्नास फुटांवर, विहीर उताराच्या खाली. यंदा पाण्याला वास येतो. खड्डा तर कधीच तुंबत नाही. (रत्नागिरी)

खड्डा कधीच तुंबत नाही, हीच धोक्याची खूण आहे. जांभ्यात नळ्यांसारखी भोकं आणि भेगा असतात. मैल्याचं पाणी मातीतून गाळलं न जाता त्यांतून थेट खाली उतरतं. मानकाप्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर, म्हणजे साठ फूट, आणि घरापासून ६ मीटर हवा. हे अंतर गाळण करणारी माती मध्ये आहे असं धरून दिलेलं आहे. भेगाळ कातळात उताराच्या वरचा खड्डा शंभर फुटांवर असला तरी आम्ही सुरक्षित म्हणणार नाही.

आजपासून पाणी उकळून प्या. जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत कोलिफॉर्मची (मैल्यातून येणाऱ्या जंतूंची) तपासणी करून घ्या, नमुन्याची निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच आणा. विहिरीत ब्लिचिंग पावडर १००० लिटरला २.५ ग्रॅम. विहिरीचं पाणी लिटरमध्ये काढायचं तर व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये) गुणिले ७८५. तीन मीटर व्यास आणि दोन मीटर पाणी असेल तर १४,१३० लिटर, म्हणजे सुमारे ३५ ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं पाणी विहिरीत मिसळा आणि तासभर थांबा. हा तात्पुरता उपाय आहे, मैला झिरपत असेपर्यंत रोज करावा लागेल.

कायमचा उपाय म्हणजे कातळातला खड्डा बंद करणं. टँकनंतर वर सांगितलेली गाळणटाकी, आणि तिच्यातलं पाणी विहिरीपासून दूर, उताराच्या दुसऱ्या अंगाला, बाहेरून आणलेल्या मातीच्या वाफ्यात. वाफ्याच्या तळाशी जाड प्लॅस्टिक किंवा सिमेंटचा थर, त्यावर खडी, वर ६० ते ९० सेंटिमीटर माती. त्यात केळी-कर्दळ लावा.

प्रश्न: घरामागचा डोंगर जेसीबीने बारा फूट उभा कापला आहे. माती लाल, घट्ट दिसते. संरक्षक भिंत लागेल का? आणि चिरा (जांभ्याचा घडीव दगड) चांगला कसा ओळखायचा? (सिंधुदुर्ग)

लागेल, आणि पावसाळ्याआधी. जांभ्याची लाल माती कोरडी असताना उभी राहते म्हणून माणूस फसतो. कोकणात वरच्या कठीण कातळाखाली बऱ्याच ठिकाणी पांढरट-गुलाबी, साबणासारखी मऊ चिकणमाती असते. सलग पावसात तिच्यात पाणी भरलं की वरचं वजन वाढतं, खालची पकड सुटते आणि सगळा उतार एकदम येतो. ३० जुलै २०१४ ला माळीण आणि २२ जुलै २०२१ ला तळिये ही गावं दरडीखाली गेली, तीही मुसळधार पावसातच.

उभा काप राहू देऊ नका. दीड-दीड मीटरचे टप्पे करा. भिंत भूतंत्राच्या (जिओटेक्निकल) इंजिनिअरकडून आखून घ्या. पाणी साचलं तर जाडजूड भिंतही ढकलली जाते, म्हणून भिंतीमागे ३० सेंटिमीटर दगड-खडीचा गाळणथर आणि भिंतीतून दर एक-दीड मीटरवर ७५ ते १०० मिलिमीटरचे पाणी काढणारे पाइप हवेतच. कापाच्या माथ्यावर पक्का चर बांधून डोंगराचं पाणी बाजूला वळवा. शोषखड्डा कापाच्या वर कधीही नको. घर आणि कापाचा पायथा यांत निदान कापाच्या उंचीइतकं अंतर ठेवा.

माथ्यावर कापाला समांतर भेग, झाडं किंवा खांब कलणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, दारं अडकू लागणं, यांतलं काहीही पावसात दिसलं तर सामान आवरत बसू नका. माणसं आणि जनावरं घेऊन बाहेर पडा, मग तहसील कचेरीला कळवा.

चिऱ्याचं: खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, हवेत राहून घट्ट होतो. काही महिने पडून राहिलेला घ्या. हातोडीने खणखणीत वाजला पाहिजे. पांढरी-पिवळी माती भरलेली मोठी भोकं असतील तर नाकारा. एक चिरा वाळवून वजन करा, २४ तास पाण्यात बुडवून पुन्हा करा. मानकाप्रमाणे पाणी वजनाच्या १२ टक्क्यांपेक्षा जास्त शोषलं जाऊ नये: २० किलोचा चिरा २२.४ किलोच्या वर जाता कामा नये. दाबाची ताकद प्रति चौरस मिलिमीटर किमान ३.५ न्यूटन हवी, ती प्रयोगशाळेतच कळते.

प्रश्न: जमिनीवर पांढरा थर येतो, भिंतीला कमरेपर्यंत लोणा लागला आहे, परसात काही उगवत नाही. जिप्सम टाकू का? (सांगली)

आधी माती तपासा, कारण खारवट आणि चोपण या वेगळ्या गोष्टी आहेत. विद्युतवाहकता मीटरला ४ डेसिसायमन्सच्या वर आणि सामू (पीएच) ८.५ च्या आत असेल तर जमीन खारवट. तिला जिप्समची गरज नाही, गोड्या पाण्याने क्षार धुवून बाहेर काढायचे. सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य (मातीच्या कणांना धरून राहिलेला) सोडियम १५ टक्क्यांहून जास्त असेल तर चोपण. तिला जिप्सम लागतं, आणि किती ते प्रयोगशाळेच्या अहवालावरूनच ठरवायचं. दोन्हींत निचऱ्याशिवाय काहीही टाकलं तरी फुकट. परसाभोवती ६० ते ७५ सेंटिमीटर खोल चर काढून तो बाहेरच्या नाल्याला जोडा, वाफे ३० सेंटिमीटर उंच करा, एकदा धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरून फुलोऱ्याआधी मातीत गाडा. सुरुवातीला बीट, पालक घ्या, ती क्षार बऱ्यापैकी सोसतात.

लोणा म्हणजे तेच क्षार भिंतीतून वर चढणं. वरून रंग किंवा सिमेंट प्लास्टर केलं तर ओल आणखी वर चढते. पोपडे काढून चुन्याचं प्लास्टर करा, म्हणजे भिंत श्वास घेईल, आणि जोत्यालगतची माती उकरून पाणी वळवा. नवं बांधताना जोतं उंच घ्या, ओलरोधक थर चुकवू नका, मातीतलं सल्फेट तपासा. ते जास्त निघालं तर पायाला स्लॅग सिमेंट वापरा आणि सळ्यांवर किमान ५० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण ठेवा.

प्रश्न: सोसायटीची बाग मुरमाच्या भरावावर आहे. लाल माती विकत आणून टाकली, ती विटेसारखी घट्ट झाली. (पुणे)

विकतची लाल माती बहुधा सेंद्रिय पदार्थ नसलेली बारीक माती असते. पाणी मारलं की कण बसतात, वाळलं की कवच धरतात. आणखी माती आणू नका. भरावातले सिमेंटचे तुकडे आणि प्लास्टरचा राडारोडा वेचून काढा, त्याने सामू वाढतो. ३० सेंटिमीटर खणून ५ ते ८ सेंटिमीटर जाडीचं कुजलेलं कंपोस्ट मिसळा आणि वर पालापाचोळ्याचं ८-१० सेंटिमीटर आच्छादन ठेवा. मुरमात पाणी टिकत नाही, म्हणून थोडं थोडं, वरचेवर द्या. सीताफळ, डाळिंब, बोर, आवळा या जागेवर उत्तम येतील, गुलाबाचा हट्ट नको.

प्रश्न: लिंबाची नवी पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. शेणखत भरपूर दिलं आहे. (नागपूर)

जुनी पानं पिवळी पडली असती तर नत्राची कमतरता म्हटली असती. नव्या पानांवर हिरव्या शिरा म्हणजे लोह मिळत नाही. काळ्या मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे आणि चढ्या सामूमुळे मुळांना घेता येत नाही. मातीच्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. फसफसलं तर चुनखडी आहे. अशा मातीत फेरस सल्फेट जमिनीवर टाकून फारसा फायदा होत नाही, ते लवकरच अडकून पडतं. लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा. जमिनीतून द्यायचं असेल तर ‘ईडीडीएचए’ प्रकारचं चिलेटेड लोह घ्या. ‘ईडीटीए’चं स्वस्त मिळतं, पण एवढ्या सामूला टिकत नाही.

पाणीही कमी करा. सतत ओल्या काळ्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, पिवळेपणा वाढतो आणि पुढे खोडाला डिंक्या लागतो. झाड खोलगट आळ्यात असेल तर आळं बुजवून खोडाभोवती माती उतरती करा आणि पाणी खोडापासून दूर, फांद्यांच्या घेराखाली द्या. पुढचं झाड लावताना मीटरभर खड्डा खोदून त्यात खतमाती भरू नका, भारी जमिनीत त्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचून राहतं. दीड फूट उंच आणि चार-पाच फूट रुंद वरंबा करून त्यावर रोप लावा. कलमाचा जोड मातीच्या वर वीतभर तरी राहिला पाहिजे.